डिझाइन परदेशात नोंदवायचंय? मग अर्ज आधी, फोटो नंतर

चवथ आटपली, घरोघरची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळांची-पानांची सजावट, उतरली, आणि या खेपेला पत्रांचा ढीग आलाय तो जवळपास सगळा एकाच विषयावरचा. मागच्या अंकात मी एका उत्तरात सहज लिहिलं होतं की वस्तूच्या दिसण्याची, म्हणजे तिचा आकार, नक्षी, ठेवण यांची वेगळी नोंदणी होते, ती पेटंट नव्हे आणि ट्रेडमार्कपण नव्हे. त्यावरून कुंडई, मडगाव, डिचोली, कुंकळ्ळी सगळीकडून विचारणा आली की आमचा माल बाहेर जातो, मग तिकडे काय करायचं. म्हणून या वेळचा सगळा स्तंभ त्यालाच देतेय. नाव छापू नका असं बहुतेकांनी सांगितलंय, तेव्हा गावाचं नाव तेवढं ठेवलंय.

ताई, नमस्कार. कुंडई इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचं छोटं युनिट आहे. जुन्या घरांच्या खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं असायची ना, त्यावरून आम्ही एक लटकता दिवा केलाय, पितळी फ्रेम आणि आत शिंपल्याच्या पातळ चकत्या. २० एप्रिलला कोलकात्याच्या ऑफिसला, जिथे भारतातल्या डिझाइनची नोंदणी होते, अर्ज ऑनलाइन भरला. आता जर्मनीतल्या एका दुकानाला ४०० नग हवेत. एक जण म्हणतो ‘वर्ल्ड रजिस्ट्रेशन’ करून देतो, सगळ्या जगात चालतं, पैसे मात्र भरपूर सांगतोय. करावं का? आणि कोलकात्याचं सर्टिफिकेट जर्मनीत चालत नाही का? – एक लघुउद्योजक, कुंडई

कोलकात्याचं सर्टिफिकेट भारताच्या हद्दीत चालतं, त्याच्या बाहेर नाही. आणि ‘वर्ल्ड रजिस्ट्रेशन’ नावाची गोष्टच अस्तित्वात नाही, ती कोणी विकत असेल तर हात जोडा आणि निरोप द्या, कारण डिझाइनचा हक्क ज्या त्या देशाचा कायदा देतो आणि त्या देशापुरताच देतो. जिनिव्हाला जागतिक बौद्धिक संपदा संघटना आहे, वायपो म्हणतात ती, तीसुद्धा स्वतः हक्क देत नाही, एक अर्ज घेऊन तो देशोदेशी पोचवते एवढंच, आणि ती सोयही आपल्याला सरळ मिळत नाही. त्याबद्दल खाली एका उत्तरात येईलच.

पण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, ती म्हणजे २० एप्रिल. पॅरिस करार म्हणून १८८३ चा एक करार आहे, भारत त्यात ७ डिसेंबर १९९८ पासून आहे. त्याने होतं काय की एका सदस्य देशात तुम्ही पहिला अर्ज केलात की पुढचे सहा महिने बाकीच्या सदस्य देशांत केलेला अर्जही त्या पहिल्याच तारखेचा धरतात, याला या लाइनमधले लोक प्रायोरिटी म्हणतात. मधल्या काळात तुम्ही दिवा कोणाला दाखवला, विकला, किंवा दुसऱ्याच कोणी त्याची नक्कल करून आपल्या नावाने अर्ज टाकला, तरी तुमची तारीख २० एप्रिलच. तुमची ही मुदत २० ऑक्टोबरला संपते. पत्रावर २ सप्टेंबर आहे, म्हणजे हातात सात आठवडे आहेत. पेटंटला बारा महिने मिळतात आणि डिझाइनला सहाच, या एका फरकात माणसं फसतात. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जण अकराव्या महिन्यात फाइल घेऊन आला, कोणीतरी त्याला ‘वर्षभर वेळ आहे’ असं सांगितलेलं, सगळे कागद इतके व्यवस्थित लावून आणलेले की त्याला काय आणि कसं सांगावं ते मला सुचेना. तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी तारीख विचारते, वस्तू नंतर बघते.

आता जर्मनी. नुसत्या जर्मनीपुरता अर्ज म्युनिकच्या त्यांच्या राष्ट्रीय ऑफिसात करता येतो, पण मी तुम्हाला स्पेनमधल्या आलिकांते शहरात युरोपियन युनियनचं जे बौद्धिक संपदा ऑफिस आहे तिथे अर्ज करा असं सांगेन, कारण तिथल्या एका नोंदणीत २७ देश येतात. १ मे २०२५ पासून तिथे नवे नियम लागू झालेत, एका डिझाइनची फी ३५० युरो, म्हणजे आपल्या पैशात पस्तीस हजारांच्या वर. नोंदणी पाच वर्षांची, दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत एकूण २५ वर्षांपर्यंत नेता येते, पण नूतनीकरणाची फी पुढे पुढे चढत जाते हे आत्ताच डोक्यात ठेवा. डिझाइन खरंच नवं आहे का हे ते लोक अर्जाच्या वेळी तपासत बसत नाहीत, त्यामुळे नोंदणी पटकन मिळते, पण उद्या कोणी तुमच्या आधीचा हुबेहूब दिवा दाखवला तर ती रद्दही होऊ शकते. अर्ज तुम्ही इथून स्वतः भरू शकता, पण नंतर काही त्रुटी निघाली आणि उत्तर द्यायची वेळ आली तर तिकडचा प्रतिनिधी नेमावाच लागतो, त्यामुळे आधीच एखादा चांगला माणूस गाठून ठेवलेला बरा. दिवा दुकानात यायच्या आधी त्याचं चित्र जगापुढे येऊ नये असं वाटत असेल तर प्रसिद्धी ३० महिन्यांपर्यंत लांबवायची सोयही तिथे आहे.

इंग्लंड त्या २७ मध्ये नाही. १ जानेवारी २०२१ पासून तिकडचा अर्ज वेगळा, तो न्यूपोर्टच्या ऑफिसात. आणि एक सल्ला माझ्याकडून, माल कुठे विकला जाणार एवढंच बघू नका, त्याची नक्कल कुठे तयार होऊ शकते तेही बघा. पितळ आणि शिंपल्याचे दिवे कमी किमतीत हजारोंनी काढणारे कारखाने चीनमध्ये आहेत, तिथे डिझाइनला १५ वर्षांचं संरक्षण मिळतं आणि तुमची सहा महिन्यांची प्रायोरिटी तिथेही चालते. परवडत असेल तर युरोपच्या जोडीला चीन घ्या, नाहीतर फक्त युरोप करा, पण ते नक्की करा. कोलकात्याहून अर्जाची सर्टिफाइड कॉपी आजच मागवा, प्रायोरिटी सांगायची तर ती लागते आणि ती हातात यायला वेळ जातो.

अजून एक. शिंपल्याची तावदानं ही आपल्या वाडवडलांची, ती कल्पना तुमच्या एकट्याच्या नावावर होणार नाही. नोंदणी होईल ती तुमच्या त्या दिव्याच्या नेमक्या आकाराची, फ्रेम कशी वळते, चकत्या कशा एकावर एक बसतात त्याची.

मी मडगावची, घरीच काम करते. बांबू आणि हातकागदाचा मी एक वेगळ्या घडीचा आकाशकंदील केलाय, फेब्रुवारीत त्याचं रील इन्स्टाग्रामवर टाकलं तर ते खूपच चाललं, आता अमेरिकेतून एका दुकानाने विचारलंय. मी अजून कुठेच नोंदणी केलेली नाही. मैत्रीण म्हणते फोटो टाकलास म्हणजे सगळं गेलं. गेल्या दिवाळीत २८ ऑक्टोबरला स्पर्धेत हाच कंदील ठेवलेला, बक्षीस नाही मिळालं पण लोकांना आवडला. खरंच सगळं गेलं का? – एक कलाकार, मडगाव

सगळं नाही गेलं. पण घाई करायला हवी, आणि तुम्हाला वाटतेय त्यापेक्षा जास्त घाई करायला हवी.

आधी वाईट बातमी. आपला २००० सालचा डिझाइन कायदा या बाबतीत फार कडक आहे. कलम ४ म्हणतं की अर्जाच्या आधी डिझाइन भारतात किंवा जगात कुठेही लोकांसमोर आलं असेल, छापून, वापरून, कसंही, तर नोंदणी नाही. मग ते तुम्ही स्वतःच दाखवलेलं का असेना. प्रदर्शनासाठी कलम २१ मध्ये एक सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने त्यासाठी अधिसूचित केलेल्या प्रदर्शनाला, ती पण आधी कंट्रोलरला, म्हणजे नोंदणी ऑफिसच्या मुख्य अधिकाऱ्याला, कळवलं असेल आणि सहा महिन्यांत अर्ज केला असेल तरच. आपल्या वाड्यावरची आकाशकंदील स्पर्धा त्यात बसत नाही. म्हणजे भारतातलं दार बंद झालं. मला हे लिहिताना वाईट वाटतं, कारण घरी बसून काम करणाऱ्या बाईकडे दाखवायला इन्स्टाग्रामशिवाय दुसरं असतं तरी काय, आणि तिथे टाकण्याआधी अर्ज कर असं तिला सांगायला कोणी भेटलेलं नसतं.

आता दुसरी बाजू. अमेरिका, युरोपियन युनियन, इंग्लंड, जपान, हे सगळे देश डिझाइन करणाऱ्यालाच बारा महिन्यांची सूट देतात, म्हणजे तुम्ही स्वतः दाखवल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केलात तर तुमचंच दाखवणं तुमच्या विरुद्ध धरत नाहीत. (जपानमध्ये मात्र ही सूट मागून, पुराव्याचा कागद लावून घ्यावी लागते.) पण हे वर्ष कधीपासून मोजायचं? तुम्ही रीलची तारीख धरून बसलायत, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत वेळ आहे असं तुम्हाला वाटतंय. तसं नाही. कंदील लोकांसमोर पहिल्यांदा आला तो स्पर्धेत, २८ ऑक्टोबरला. तेव्हापासून वर्ष सुरू झालं. तुमची शेवटची तारीख येत्या ऑक्टोबरच्या २८ च्या आतली, आणि मी तर म्हणेन ती २० धरा, अमेरिकेतला वकील शेवटच्या दिवशी फोन उचलेल याची खात्री कोणी द्यावी.

अमेरिकेत याला डिझाइन पेटंट म्हणतात. तिथे एका अर्जात एकच डिझाइन मागता येतं आणि ते नीट तपासतात, त्यामुळे युरोपपेक्षा वेळ आणि खर्च दोन्ही जास्त. मिळालं की मंजुरीच्या तारखेपासून १५ वर्षं, आणि मधे नूतनीकरणाची फी नाही. दुकान खरोखर ऑर्डर देणार असेल तर अमेरिका करा, नुसतं ‘वेरी नाइस’ म्हणून विचारलं असेल तर आधी त्यांच्याकडून संख्या लिहून घ्या. चीनमध्ये या सुटीवर विसंबू नका, तिथे ती अगदी मोजक्या प्रसंगांपुरती आहे.

आणि ते रील डिलीट करू नका. घाबरून लोक पहिलं तेच करतात, पण कंदील तुमचाच आहे आणि कधी आला हे दाखवणारा तो पुरावा आहे. स्पर्धेचा फॉर्म, पावती, फोटो, सगळं जपून ठेवा. पुढचा कंदील कराल तेव्हा मात्र कोलकात्याचा अर्ज आधी, एकट्या व्यक्तीला त्याची सरकारी फी १,००० रुपये आहे, आणि रील दुसऱ्या दिवशी.

एजंट डिझाइनचे सगळ्या बाजूंचे फोटो मागतो. मी मोबाइलवर टेबलावर ठेवून काढून पाठवले तर म्हणतो चालणार नाहीत, ड्रॉइंग करून घ्या, त्याचे वेगळे पैसे. खरंच गरज आहे का? – वाचक, वेर्णा

आहे, आणि या खर्चात कसर करू नका. डिझाइनच्या अर्जात शब्दांना फार किंमत नसते, चित्र हाच तुमचा हक्क. चित्रात जे दिसतं ते तुमचं, जे दिसत नाही ते तुमचं नाही, आणि जे जास्तीचं दिसतं तेही कधीकधी तुमच्या अंगाशी येतं.

इंग्लंडमधली एक केस सांगते, ती प्रत्येक उत्पादकाने लक्षात ठेवावी. ट्रंकी म्हणून लहान मुलांची सूटकेस आहे, मूल तिच्यावर बसतं आणि आईवडील ती ओढत नेतात, रॉब लॉ नावाच्या माणसाने केलेली, खूप खपली. त्यांनी २००३ मध्ये युरोपात डिझाइन नोंदवलं होतं, पण चित्रं दिली ती काँप्युटरवर केलेली, राखाडी छटांची, चाकं आणि पट्टे गडद, बाकीचं अंग फिकं आणि अंगावर काहीच नक्षी नाही. पुढे तशाच आकाराची स्वस्त सूटकेस आली, अंगावर प्राण्यांचे आणि किड्यांचे पट्टे-ठिपके काढलेली. भांडण इंग्लंडच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि मार्च २०१६ मध्ये ट्रंकीवाले हरले. कोर्टाने म्हटलं कल्पना हुशारीची आहे पण डिझाइनची नोंदणी कल्पनेला नसते, आणि तुमच्या चित्रात नुसता आकार नाही, गडद-फिक्या रंगांचा फरक आणि कोरं अंग हेही आलंय, समोरच्याच्या मालावरून तसा ठसा उमटत नाही. त्यांनी नुसत्या रेषांची साधी चित्रं दिली असती तर संरक्षण फक्त आकाराला मिळून ते बरंच रुंद झालं असतं.

तुमच्या मोबाइलच्या फोटोत टेबल दिसतंय, खिडकीचा उजेड एका बाजूने पडलाय, वस्तूची सावली पडलीय. समोरचा, मागचा, दोन्ही बाजूंचा, वरचा, खालचा आणि एक तिरपा असे व्ह्यू एकमेकांशी जुळणारे लागतात. वस्तूचा एखादाच भाग नवा असेल तर अमेरिकेच्या ड्रॉइंगमध्ये बाकीचं तुटक रेषांनी दाखवतात, म्हणजे ते मागितलेलं नाही असं कळतं. आणि मुख्य कारण, ज्यासाठी मी इतकं लिहितेय, ते हे की सहा महिन्यांची प्रायोरिटी मिळते ती पहिल्या अर्जात जे डिझाइन होतं त्यालाच. कोलकात्याला गबाळे फोटो पाठवले आणि युरोपला मग सुंदर ड्रॉइंग पाठवलं, त्यात एखादी कड वेगळी निघाली, तर ते म्हणू शकतात की हे दुसरंच डिझाइन आहे. तेव्हा पहिलं चित्रच असं करा की ते कुठल्याही देशात जसंच्या तसं देता येईल.

आम्ही कुंकळ्ळीचे, लाखेच्या रंगाचं लाकडी चितारी काम आमच्या घरात पिढ्यानपिढ्या. मी नवीन स्टुलांची आणि खेळण्यांची एक मालिका केलीय, वेगळे आकार, अजून कोणाला दाखवली नाही. माझा भाचा लिस्बनला असतो, त्याच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट. तो म्हणतो त्याच्या नावावर जिनिव्हाला एकच अर्ज करू, सगळे देश होतात, भारतीयाला ते जमत नाही. खरं का हे? – एक कारागीर, कुंकळ्ळी

तुमचा भाचा बरोबर बोलतोय, पण अर्धंच बोलतोय.

तो म्हणतो ती हेग पद्धत. वायपोकडे एक अर्ज, इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्ये, एकाच वर्गातली १०० डिझाइनं त्यात घालता येतात, आणि युरोपियन युनियन, इंग्लंड, अमेरिका, जपान, २०२२ पासून चीन, यातले हवे ते निवडायचे. पण हा अर्ज कोण करू शकतो? जो सदस्य देशाचा नागरिक आहे, किंवा तिथे राहतो, किंवा तिथे त्याचा खरा, चालता धंदा आहे तो. भारत अजून हेगमध्ये नाही, म्हणून कुंकळ्ळीत बसून तुम्ही तो करू शकत नाही. युरोपियन युनियन २००८ पासून त्यात आहे, आणि युनियनमधल्या कुठल्याही देशाचा नागरिक चालतो, म्हणजे पोर्तुगीज पासपोर्टवाला भाचा करू शकतो. गोव्यात घरटी कोणीतरी असा असतोच, त्यामुळे ही युक्ती मी आधी पण ऐकलीय.

आता उरलेलं अर्धं. अर्ज ज्याच्या नावावर, हक्क त्याचा. ती स्टुलं आणि खेळणी तुमच्या हातांनी घडली, आणि कागदावर मालक भाचा. तो मालक व्हायचा तर तुम्ही ती डिझाइनं त्याला लेखी करारानं द्यायला हवीत, अर्जाच्या आधी, आणि त्या बदल्यात तुम्हाला काय मिळणार ते त्यात स्वच्छ लिहिलेलं हवं. नुसतं नाव वापरलं आणि मागे करार नाही असं झालं तर उद्या समोरचा वकील विचारतो की याचा या डिझाइनवर हक्क आला कुठून, आणि सगळी नोंदणी तिथेच हलते. तुम्ही आधी कोलकात्याला अर्ज करून त्याची प्रायोरिटी घेणार असाल तर ती पण करारात त्याच्या नावे द्यावी लागते. आणि घरातली गोष्ट म्हणून सांगते, भाचा आज चांगला आहे, त्याचं लग्न होईल, धंद्यात भागीदार येईल, उद्या तोच हक्क तो दुसऱ्याला विकू शकेल आणि तुम्हाला तुमचंच स्टूल युरोपात विकायला त्याची परवानगी लागेल.

भाचा तिकडे खरोखर तुमचा माल घेऊन दुकान किंवा कंपनी चालवणार असेल तर ही वाट चांगली आहे, वकिलाकडून करार करा आणि पुढे जा. नुसती फी वाचवायला असेल तर नको. तुम्हाला दोनतीनच बाजार हवेत, तर कोलकात्याला स्वतःच्या नावाने अर्ज, आणि सहा महिन्यांच्या आत आलिकांतेला स्वतःच्या नावाने अर्ज. मालिका असेल तर तिथे एकाच अर्जात ५० पर्यंत डिझाइनं बसतात, पहिल्याला ३५० युरो आणि पुढच्या प्रत्येकाला १२५. भाच्याला तिकडचा पत्ता आणि विक्री सांभाळू द्या.

पिढ्यानपिढ्यांची जी वेलबुट्टी आहे ती यात घालून ‘हे माझं’ म्हणू नका, ते नवं नाही म्हणून टिकणार नाही. परंपरेचं काम सगळ्या गावाच्या नावाने जपायचं तर भौगोलिक मानांकन हा वेगळा मार्ग आहे, आपल्या काजू फेणीला २००९ मध्ये मिळालं तसं.

पर्वरीहून: एका डिझाइन शिकणाऱ्या मुलाकडून मी खुर्चीची स्केचेस करून घेतली, पैसे दिले, करार काही नाही. युरोपात नोंदणी माझ्या नावे होईल ना?

करार नसताना करू नका. आपल्याकडे मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी केलेल्या डिझाइनचा मालक काम सांगणारा ठरतो, डिझाइन कायद्याच्या कलम २ मध्ये तसं आहे. युरोपात नोकराने नोकरीत केलेलं मालकाचं, पण बाहेरच्याकडून करून घेतलेलं? स्पेनमध्ये हस्तकला कार्यशाळांसाठी व्यावसायिक डिझायनरकडून वस्तू करून घेण्याचा एक प्रकल्प होता, त्यातल्या कुकू घड्याळांवरून वाद झाला आणि २ जुलै २००९ ला युरोपियन न्यायालयाने सांगितलं की नोकराचा नियम कमिशन दिलेल्या कामाला लागत नाही, हक्क डिझायनरचा, त्याने करारानं दिला तरच तुमचा. त्या मुलाला बोलवा, चहा द्या, एका पानाचा करार करा, अर्जात डिझायनर म्हणून त्याचं नाव घाला. त्याचं नाव जाण्याने तुमचं काही कमी होत नाही आणि त्याला ते आयुष्यभर उपयोगी पडतं.

घडी घालून ठेवता येईल अशी माटोळीची फ्रेम केलीय, परदेशातल्या गोवेकरांना विकायची. डिझाइन नोंदवू का? – फोंडा

खरी करामत घडीच्या सांध्यात असेल तर डिझाइन ती वाचवणार नाही, डिझाइन फक्त दिसण्याला. सांध्यासाठी पेटंटचा विचार करा, तिथे प्रायोरिटी बारा महिने. आणि भारतात राहणाऱ्याने शोधाचा अर्ज थेट परदेशात टाकायचा नसतो, आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायचं किंवा पेटंट ऑफिसची परवानगी घ्यायची, पेटंट कायद्याचं कलम ३९. फ्रेम या चवथीला कोणाच्या घरी बांधून दिली असेल तर ते मला लगेच कळवा, कारण अर्जाआधी लोकांसमोर आली तर तिथेही अडचण येऊ शकते.

बाई, मी डिचोलीचा, चाळीस वर्षं पितळेचं काम करतो. आता मी एक नवीन समई केली आहे, आमच्या नेहमीच्या समईपेक्षा वेगळी, तिच्या खांबाला पीळ आहे आणि वर पाकळ्या उमलल्यासारख्या. मुलगा म्हणतो परदेशात रजिस्टर करूया. खर्च ऐकून छाती दडपली. आणि एवढं करून कोणी कॉपी केली तर आम्ही इथून काय करणार? समई आधी त्रिपुरी पौर्णिमेला गावच्या देवळात लावायची इच्छा आहे. – डिचोली

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. चाळीस वर्षं केलेल्या कामातून अशी एखादी समई निघते, तिला कागदाचा आधार असायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

पण परदेशाचा खर्च आज करू नका. तुमच्याकडे बाहेरची ऑर्डर नाही, गिऱ्हाईक नाही, नुसत्या भीतीपोटी तीन देशांत पैसे भरून काही हाती लागणार नाही. कोलकात्याला अर्ज करा, १,००० रुपये फी आणि चांगल्या ड्रॉइंगचा खर्च. त्याने इथे १० वर्षांचं आणि पुढे वाढवून एकूण १५ वर्षांचं संरक्षण मिळतं, आणि बाहेर जायचं की नाही हे ठरवायला सहा महिने मिळतात. या सहा महिन्यांत मुलाने फोटो बाहेरच्या दुकानांना पाठवावेत, आता बिनधास्त पाठवता येतील. कोणी गंभीरपणे मागितली तर त्या एका देशात अर्ज. कोणीच नाही मागितली तर इथला हक्क आहेच, आणि आपल्या पितळेची नक्कल बहुतेक वेळा इथल्याच बाजारात होते हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

कॉपी झाली तर काय? आपल्या कायद्याच्या कलम २२ खाली प्रत्येक उल्लंघनाला २५,००० पर्यंत आणि एका डिझाइनमागे एकूण ५०,००० पर्यंत रक्कम मागता येते, किंवा ते सोडून कोर्टातून मनाई आणि नुकसानभरपाई. परदेशात कोर्टात जाणं महागच, पण दर वेळी तिथपर्यंत जावं लागत नाही, नोंदणीचा नंबर घातलेलं वकिलाचं एक पत्र पुष्कळदा पुरतं, आणि ऑनलाइन बाजारात तक्रार करताना पहिला प्रश्न नोंदणी नंबर काय हाच असतो, तो असला की कोणी तुमचं ऐकून तरी घेतं. नोंदणी झाली की प्रत्येक समईच्या बैठकीखाली ‘रजिस्टर्ड’ आणि नंबर कोरून घ्या, तुमच्या हातांना ते दोन मिनिटांचं काम आहे, पण ते नसेल तर पुढे भरपाई मागताना अडचण येते.

राहिली देवळाची गोष्ट. देवळात समई लावली, गावाने पाहिली, की कायद्याच्या भाषेत ती वापरातून लोकांसमोर आली, मग मडगावच्या ताईंचं जे झालं तेच तुमचं. त्रिपुरी पौर्णिमा कार्तिकात आहे, अर्जाला तेवढा वेळ पुष्कळ झाला. मुलाला सांगा या महिन्यात ड्रॉइंग करून घे आणि दसऱ्याच्या आत अर्ज टाक. तोपर्यंत समई कापडात गुंडाळून घरातच ठेवा, पाहुण्यांनाही दाखवू नका, फोटोही नको. अर्जाचा नंबर आणि तारीख हातात आली की मग त्रिपुरीला देवळात लावा, सगळ्या गावाला पाहू द्या.